रबरी फुगा आणि उलबोसिन आपांची फुंकर

मित्रांनो, आधी हसून घ्या. सगळेच हसतात, तुम्हीही हसणार. ते एकदाचं होऊन जाऊ दे.

मी एक जुना रबरी फुगा आहे. रंग विटकरी, आकार नाशपातीसारखा, आणि पुढे बोटाच्या पेराएवढी निमुळती चोच. औषधाच्या दुकानात मी दुपटी आणि थर्मामीटर यांच्या शेजारी मिळतो. बाळाचं पोट दोन दिवस साफ झालं नाही की त्याची आई मला विकत घेते. मला कशासाठी बनवलं ते आता तुम्हाला कळलं. मी ते लपवत नाही. पण ते काम मी आजवर एकदाही केलेलं नाही. मी यंत्रांच्या पोटातली धूळ काढत आलो, आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते साच्यात तापवलं, म्हणजे मी झालो. साच्याला चिकटू नये म्हणून मला आतून बाहेरून शंखजिऱ्याची पांढरी भुकटी लावली होती. तशाच भुकटीसकट मी नुकुस शहरातल्या एका दुकानात आलो, आणि तिथे कलमुरातने मला उचललं.

कलमुरात मुयनाक गावच्या हवामान केंद्रात निरीक्षक होता. उंच, बारीक, कमी बोलणारा. दुकानातल्या बाईंनी त्याला विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"बाळ नाही. हवेचा दाब नोंदणारं यंत्र आहे."

"अगंबाई! त्याला काय होतंय?"

"आत धूळ गेलीय."

"मग पाणी जास्त पाजा हो," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की उरलेले पैसे मोजायला त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली. कलमुरात हसला नाही. त्याने मला खिशात घातलं आणि तो निघाला.

घरी आल्यावर त्याने मला उकळत्या पाण्यात बुडवलं. तीनदा आतून धुतलं, भुकटीचा शेवटचा कण जाईपर्यंत. मग चोच खाली करून आठवडाभर दोरीला टांगलं. त्याची मुलगी जुपार तेव्हा सात वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, एवढे दिवस का?"

"आत एक थेंब राहिला तरी हा फुगा उरत नाही, पिचकारी होते," तो म्हणाला.

माझ्यात एक उणीव आहे, तीही सांगून टाकतो. महागड्या फुग्यांना मागे हवा घ्यायला वेगळं छिद्र असतं. मला एकच तोंड. त्यानेच मी हवा सोडतो, त्यानेच घेतो. म्हणजे यंत्रातली धूळ उडवल्यावर मला तिथेच सैल सोडलं, तर तीच धूळ मी पोटात ओढून घेणार आणि पुढच्या दाबाला परत यंत्रात टाकणार. म्हणून कलमुरातचा नियम होता: दाबायचं यंत्रावर, भरायचं तोंड फिरवून. दाब, फिरव, भर. जुपार तो नियम गाण्यासारखा म्हणत अंगणभर उड्या मारायची.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? तोंडाने फुंकलं की झालं. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य याच एका वाक्याशी भांडण्यात गेलं आहे, तेव्हा नीट ऐका.

मुयनाकला पूर्वी समुद्र होता. तो हटला आणि त्याचं मीठ मागे राहिलं. वारा सुटला की ते मीठ पिठासारखं उडतं आणि दाराच्या फटीतून, खिडकीतून, चहाच्या वाटीतून घरात येतं. अशी धूळ कोरडी असेपर्यंत एका झुळकीने उडते. पण माणसाच्या फुंकरीत वाफ असते, थुंकीचे बारीक तुषार असतात. मिठाला ओलावा मिळाला की ते विरघळतं, आणि सुकताना काचेला घट्ट धरून बसतं. कलमुरातने हे जुपारला सांगितलं नाही, दाखवलं. काचेचे दोन तुकडे त्याने वाऱ्यात ठेवले. धूळ बसल्यावर एकावर जुपारला फुंकायला लावलं, दुसऱ्यावर मला दाबलं. चार दिवसांनी पहिल्या काचेवर पांढरी कडी उमटली होती. जुपारने ती नखाने खरवडली. डाग गेला, पण ओरखडा राहिला.

"आता काच बदलावी लागणार?" तिने विचारलं.

"काच बदलता येते," कलमुरात म्हणाला. "सवय आधी बदल."

त्या केंद्रात मी एकोणीस वर्षं काम केलं. मग केंद्र दुसरीकडे हलवलं, आणि दोन हिवाळ्यांनी कलमुरातही वारला. मी टेबलाच्या खणात पडून राहिलो. रबर वापरलं नाही की ताठरतं. माझ्या मानेपाशी केसाएवढी एक चीर पडली. तेव्हा मला वाटलं, आपलं संपलं. मी तसं मोठ्याने म्हणालो नाही, एवढाच माझा मोठेपणा.

जुपारचं लग्न ठरलं तेव्हा तिने खण उघडला आणि मला तिच्या पेटीत, रजयांच्या तळाशी ठेवलं. ती एक गोष्ट विसरली. आमच्याकडे नवरी सासरी आली की तिची पेटी सगळ्या बायकांसमोर उघडतात, एकेक वस्तू वर धरून दाखवतात. रजया दाखवल्या, टॉवेल दाखवले, चहाच्या वाट्या दाखवल्या. शेवटी एका जाऊबाईच्या हाताला मी लागलो, आणि तिने मला सगळ्यांत उंच धरलं.

"अगं बाई गं! नवरीने येताना पोट साफ करायचा फुगा आणलाय!"

"घाईच दिसतेय पोरीला! लग्नाचा चहा निवला नाही, आणि बाळाची तयारी!"

"बाळाची कसली? आपल्या घरचं जेवण पचणार नाही असं वाटलं असेल तिला!"

खोलीभर हशा उसळला. जुपार पदराखाली लाल झाली असणार, मला दिसत नव्हतं. नवी सून बोलत नाही, नुसती वाकून सलाम करते. ती वाकली. पण वाकता वाकता तिने हात पुढे केला, जावेच्या हातातून मला काढून घेतलं आणि बाहीत सारलं. त्या घरात तिने केलेलं ते पहिलं बंड. मी तेव्हाच ठरवलं, हिच्यासाठी मी फाटेपर्यंत काम करीन.

मानाच्या जागी बसलेली तिची सासू तेवढी हसली नव्हती. तिचं नाव उलबोसिन. इथे सासूला आपा म्हणतात, आणि उलबोसिनला तर सगळी वस्तीच आपा म्हणायची. तिची फुंकर प्रसिद्ध होती. तापलेलं मूल, दचकणारं मूल, दूध न पिणारं वासरू, काहीही तिच्यापुढे आणायचे. ती दुवा पुटपुटायची आणि 'सूफ, सूफ, सूफ' अशी तीनदा फुंकर घालायची. नवं घर, नवी मोटरसायकल, परगावी निघालेला माणूस, सगळ्यांना आपांची फुंकर लागायचीच. तोंडाने फुंकर चालू असतानाही हातात टकळी फिरत असायची, उंटाच्या लोकरीची. पन्नास वर्षं तिची टकळी थांबली नव्हती.

जुपारचा नवरा कझाकस्तानात कामाला गेला, तेव्हा तिने नुकुसहून एक वापरलेला कॅमेरा आणला. लेन्स काढून बदलता येते, तसला. ती पासपोर्टचे फोटो काढू लागली, मग लग्नाचे. वस्तीतल्या बायका तिच्याकडे बिघडलेल्या वस्तूही आणू लागल्या. मोबाईल चार्ज होत नाही? जुपार त्याचं भोक खाली धरायची, मी चार झुळका सोडायचो, आणि आतून मिठाची गोळी पडायची. रेडिओ खरखरतो, टीव्हीचा रिमोट चालत नाही, शिवणयंत्र अडतं, कशाकशाला मी उपयोगी पडलो. बायका म्हणायच्या, "जुपार, तुझ्या त्या ह्याला घे ना जरा." माझं नाव कुणी घ्यायचं नाही. उपयोग सगळ्यांना हवा, नाव घ्यायला लाज. घेऊ नका! मी नावासाठी हवा सोडत नाही.

कॅमेऱ्यालाही आपांची फुंकर लागायची. जुपार लग्नाला निघाली की आपा दारात उभी. तेव्हा कॅमेऱ्याला लेन्स लावलेली असायची, लेन्सवर झाकण असायचं. तुषार झाकणावर पडायचे आणि जुपार रस्त्यात रुमालाने ते पुसायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते तजागुलच्या लग्नात.

तजागुल म्हणजे आमच्या शेजारच्या बाजारगुलची होणारी सून. त्या दिवशी बेताशार होता. अंगणात सगळे गोल उभे राहतात, गाणारा एकेका नातेवाइकाचं नाव गातो, नवरी त्या प्रत्येकाला वाकून सलाम करते, आणि शेवटी काठीने तिच्या तोंडावरचा पदर वर उचलतात. सासरचे लोक सुनेचं तोंड बघतात ते तेव्हा. तो क्षण एकदाच येतो.

जुपार आतल्या खोलीत लेन्स बदलत होती. खिडक्या बंद, दारावर ओला कपडा, सगळं नियमाप्रमाणे. जुनी लेन्स काढलेली, नवी अजून हातात. कॅमेऱ्याचं तोंड उघडं. मी पिशवीत, तिच्या गुडघ्यापाशी. तेवढ्यात ओला कपडा बाजूला सारून आपा आत आली.

"केलिन, आज मोठ्या घरचं काम आहे. आण इकडे ते." केलिन म्हणजे सूनबाई. जुपारने तोंड उघडायच्या आत आपा वाकली आणि कॅमेऱ्याच्या उघड्या पोटात सूफ, सूफ, सूफ!

मी पिशवीत होतो. वीतभर अंतरावर. मित्रांनो, मला हात असते तर मी त्या दिवशी सासू-सून काही बघितलं नसतं. पण मला हात नाहीत, आणि जुपारला होते ते तिने वर उचलले नाहीत. सून सासूला 'फुंकू नका' म्हणत नाही. बाहेर गाणाऱ्याने सूर धरला होता. जुपारने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग लेन्स बसवली आणि धावली.

फोटो काढल्या काढल्या बाजारगुल कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकली. तिच्या तोंडातून आवाज निघाला तो मला अजून आठवतो. पदर उचललेला, तजागुलचा चेहरा उन्हात उजळलेला, आणि कपाळाच्या मधोमध काळी वाकडी रेघ. भाजल्याच्या व्रणासारखी.

"हे काय आहे?" तिने वळून खऱ्या तजागुलकडे बघितलं. कपाळ स्वच्छ होतं. "तोंडावर नाही आणि फोटोत आहे?"

"बाजारगुल काकू, कॅमेऱ्यात काहीतरी..."

"मग बाकीच्यांच्या तोंडावर का नाही? हिच्याच का?"

कुणीतरी मोबाईलने त्या पडद्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो वस्तीभर फिरला. त्यानंतर काहीही झालं तरी लोक त्या रेघेकडे बोट दाखवू लागले. चौथ्या दिवशी बाजारगुलची गाभण उंटीण पिल्लू मेलेलं व्याली, आणि मग नवरी अशुभ आहे याबद्दल कुणाला शंका उरली नाही. ठरलं असं की शुक्रवारी दुपारी बायका जमतील, आपा दुवा करून अशुभ उतरवतील, आणि तजागुलला 'काही दिवस' माहेरी पाठवतील. ते काही दिवस किती लांबतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. एकदा पेटीसकट परत गेलेल्या मुलीला पुन्हा कुणी बोलवायला येत नाही.

जुपारने त्या लग्नाचे सगळे फोटो एकामागून एक बघितले. मी टेबलावर होतो, तिचं बोट सरकताना बघत होतो. फुंकरीनंतरच्या, उन्हातल्या प्रत्येक फोटोत रेघ होती, चौकटीत अगदी त्याच जागी. एकात ती आभाळात होती, एकात भिंतीवर, एकात कुणाच्या टोपीवर, म्हणून कुणाला दिसली नव्हती. घरातल्या अंधुक फोटोंत मात्र ती नव्हती, कारण अंधारात लेन्सचं छिद्र मोठं करावं लागतं आणि मग आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवरचा कण पसरून दिसेनासा होतो. उन्हात छिद्र बारीक, आणि कण काळा होऊन उमटतो. तजागुलच्या कपाळाचा दोष एवढाच की जुपार नवरीचा चेहरा नेहमी चौकटीत त्याच जागी ठेवते.

तिला कळलं होतं. कण कुठून आला तेही कळलं होतं.

आता विचार करा. तिने मला उचलून पाच झुळका मारल्या असत्या तर कॅमेरा साफ झाला असता. सासूचा मान राहिला असता, जुपारची कामं चालू राहिली असती, आणि तजागुल शुक्रवारी पेटीवर बसून माहेरी गेली असती. फोटोतली रेघ संगणकावर पुसली असती तर लोक म्हणाले असते, अशुभ लपवलं. जुपारचा हात माझ्याकडे आला. मी मनात म्हणालो, दाबू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला कुणी दाबू नये. तिने मला नुसतं उचललं, मानेजवळची चीर अंगठ्याने तपासली आणि मला खिशात ठेवलं. कॅमेऱ्याला तिने शुक्रवारपर्यंत हात लावला नाही.

शुक्रवारी वारा पडला होता. बाजारगुलच्या घरात बारा-चौदा बायका बसल्या होत्या. मानाच्या जागी आपा, हातात टकळी. दाराशी तजागुल, मान खाली. तिची पेटी तिच्या मागे बांधून ठेवलेली. दुधाचा चहा झाला होता. आपा दुवेसाठी हात उचलणार, इतक्यात जुपार उठली, सगळ्यांना वाकून सलाम केला आणि म्हणाली, "आपा, दुवेच्या आधी मला एक फोटो काढू द्या."

"ही काय फोटो काढायची वेळ आहे?" बाजारगुल कडाडली. "तुझ्याच फोटोने आग लावलीय!"

"म्हणूनच, काकू. तुमचाच काढायचाय. अंगणात, त्याच जागी."

बाजारगुल नाही म्हणणार होती. पण कोपऱ्यातली एक दात पडलेली म्हातारी म्हणाली, "जा की, भितेस काय? तुझं कपाळ तर सुनेपेक्षा रुंद आहे." हशा झाला, आणि हशापुढे बाजारगुलचं चाललं नाही. ती पांढऱ्या भिंतीपुढे उन्हात उभी राहिली. जुपारने छिद्र बारीक केलं, चेहरा नेहमीच्या जागी धरला. खट्.

पडद्यावर बाजारगुलच्या कपाळाच्या मधोमध तीच काळी वाकडी रेघ.

मग ती म्हातारीच म्हणाली, "अरेरे. आता बाजारगुललाही माहेरी पाठवायचं? सत्तर वर्षांच्या बाईला कोण घेईल परत?"

"अडुसष्ट!" बाजारगुल ओरडली.

"माझा काढ," आपा म्हणाली.

जुपारने तिलाही त्याच भिंतीपुढे उभं केलं. पडद्यावर आपाचा डोक्याचा पांढरा शुभ्र रुमाल, सुरकुतलेला चेहरा, आणि त्यावरही रेघ. आपाने पडदा जवळ धरून बराच वेळ बघितला. रेघेकडे ती जशी बघत होती, तसं मी तिला फक्त लोकरीकडे बघताना पाहिलं होतं.

"रेघ माणसावर नाही, कॅमेऱ्याच्या आत आहे," जुपार म्हणाली. "आत चला, काढून दाखवते."

खोलीत आल्यावर तिने खिडक्या लावून घेतल्या आणि मांडीवर पांढरा रुमाल पसरला. मग खिशातून मला काढलं.

मित्रांनो, तुम्हाला काय वाटतं, त्या गंभीर झाल्या? छे! त्या हसल्या. पेटी उघडली होती त्या दिवशीसारख्या. "अगं, हे कॅमेऱ्याच्या पोटासाठी?" "कॅमेऱ्याने खाल्लं तरी काय?" दाराशी बसलेली तजागुल मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, जणू तिची पेटी सोडवायची किल्ली मीच होतो. त्या एका नजरेसाठी मी असले शंभर हशे पचवीन.

जुपारने लेन्स काढली, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं, आणि मला खालून धरलं. चोच आत घातली नाही, तोंडापाशीच ठेवली. दाब. फिरव. भर. मी माझं तीस-पस्तीस वर्षांचं सगळं रबर आवळून हवा सोडली. दाब, फिरव, भर. तिसऱ्या झुळकेला चिरेतून हवा फुसकन गळली. जुपारने चिरेवर अंगठा दाबून धरला. चौथी. पाचवी.

पांढऱ्या रुमालावर काहीतरी पडलं. डोळ्याच्या पापणीचा केस असावा तसं, तांबूस, वाकडं. बायका पुढे वाकल्या.

"श्वास आवरा!" जुपार ओरडली. त्या सगळ्या सासवा होत्या, आणि एका सुनेने त्यांना ओरडून सांगितलं होतं. त्यांनी श्वास आवरले.

अंगणात जाऊन तिने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि आत येऊन सगळ्यांना दाखवला. रेघ नव्हती. कोपऱ्यात तीन फिकट ठिपके तेवढे होते.

"ते काय?" बाजारगुलने लगेच पकडलं.

जुपार खोटं बोलू शकली असती. पण ती कलमुरातची मुलगी. "ते निघाले नाहीत. ते ओलाव्याने काचेला चिकटलेत. हवेने निघणार नाहीत, नुकुसला नेऊन औषधाने पुसावे लागतील."

मीही ते मान्य करतो. जे कोरडं आहे ते मी उडवतो. जे ओलं होऊन चिकटलं, त्यापुढे माझं काही चालत नाही.

"ओलावा?" बाजारगुल म्हणाली. "आपल्याकडे दोन महिने पाऊस नाही. कॅमेऱ्याच्या आत ओलावा कुठून आला?"

इथपर्यंत जुपार आली होती. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि ते बोलली असती तर ते खरंच असतं. तिने तोंड उघडलं.

"थांब केलिन," आपा म्हणाली. तिने टकळी खाली ठेवली. मी त्या घरात आल्यापासून ती टकळी खाली ठेवलेली मी पहिल्यांदा बघत होतो. तिने रुमालावरचा तो केस चिमटीत उचलला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"ही माझ्या तांबड्या उंटिणीची लोकर आहे," ती म्हणाली. "मानेखालची. या वसंतात कातरलेली." मग तिने बाजारगुलकडे बघितलं. "लग्नाच्या दिवशी मी हिच्या कॅमेऱ्याच्या आत फुंकलं. टकळी हातात होती. लोकर माझ्या फुंकरीबरोबर गेली. ओलावाही माझाच."

"आपा, काहीतरीच काय! तुमच्या फुंकरीने अशुभ कसं होईल?"

"अशुभ झालंच नाही, तेच सांगतेय. तुझ्या सुनेच्या कपाळावर माझ्या उंटिणीचा केस होता, बाकी काही नाही. आणि तुझी उंटीण म्हातारी आहे, तिला पुन्हा फळवू नकोस असं मी तुला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. ऐकलंस?"

बाजारगुलने निवलेली चहाची वाटी तोंडाला लावली.

"पोरी," आपाने दाराकडे हाक मारली, "ती पेटी सोड. आणि चहा टाक. आमचा निवलाय." तजागुल उठली. पेटीच्या दोरीची गाठ तिला सुटेना. जुपार तिच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून ती सोडली.

घरी परतताना दारात आल्यावर आपा थांबली. मला वाटलं, आता जुपारची खैर नाही.

"त्या दिवशी सांगितलं का नाहीस, फुंकू नका म्हणून?"

"कसं सांगणार, आपा?"

"आज बारा सासवांना श्वास आवरा म्हणून ओरडलीस की. मी एकटीच होते." मग उंबरा ओलांडत: "माझी फुंकर माणसांना लागते. लेकरांना लागते. तुझ्या त्या यंत्राला हा पोटाचा फुगाच बरा." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. उलबोसिन आपाने. माझं नाव घेऊन.

तेव्हापासून आमच्या घरात नवी रीत आहे. जुपार कामाला निघाली की आपा तिच्या डोक्यावर हात ठेवून दुवा करते, जुपारवरच 'सूफ, सूफ, सूफ' फुंकते, आणि कॅमेरा तेवढा वेळ पिशवीत बंद असतो. मग आपा मला उचलते, भिंतीकडे तोंड करून एकदा दाबते, मी नीट चालतो का ते बघायला. दाब, फिरव, भर. क्रम तिला अजून जमत नाही. ती आधी फिरवते.

मी आता म्हातारा झालो आहे. चिरेवर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ आहे. एक दिवस मी दाबल्यावर उघडणार नाही. त्याबद्दल दया दाखवू नका, मला ती नको. मी बाळांसाठी बनलो आणि एका मुलीचं घर राखलं. माझ्या फडताळातल्या किती जणांना असं सांगता येईल?

पण मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, रबर तडकतं. नवा असेल तर आतली भुकटी धुवा, आणि पुरता सुकू द्या. दाबताना कामावर, भरताना तोंड फिरवून. आणि काच कुठलीही असो, कॅमेऱ्याची, चष्म्याची, दुर्बिणीची, तिच्यावर तोंडाने फुंकू नका. कुणी मोठं माणूस फुंकायला वाकलं तर त्यालाही सांगा. नम्रपणे सांगा, पण वेळेवर सांगा.

आणि मला बघून हसू आलं तर खुशाल हसा. फक्त हसताना तोंड कॅमेऱ्याकडे करू नका.